दोन लेन्स विकून एकच १८-४०० घ्यावी का? हातात घेऊन काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निकॉनची डी५६०० कॅमेरा बॉडी, तिच्यासोबतच्या १८-५५ आणि ७०-३०० या दोन एएफ-पी लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे, म्हणजे फोकल लेंग्थ: लहान आकड्याला रुंद दृश्य बसतं, मोठ्याला लांबचं जवळ येतं). पावसाळ्यात ट्रेक, हिवाळ्यात एखाद-दोनदा भिगवणला पक्षी, डिसेंबरात मुलीच्या शाळेचं गॅदरिंग. ओळखीतून टॅमरॉनची १८-४०० सेकंडहँड मिळते आहे. दोन्ही लेन्स विकून ही एकच घ्यावी का, आणि घ्यायचीच झाली तर तपासायची कशी?

आधी उत्तर सांगतो. ट्रेकसाठी ही लेन्स तुमच्या कामाची आहे. भिगवणसाठी कामाची आहे की नाही ते तुमच्या स्वतःच्या ७०-३०० शी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि कसं बघायचं ते खाली लिहितो. गॅदरिंगसाठी ती घेऊ नका. १८-५५ विकू नका, तिचे पैसे काही येत नाहीत. ७०-३०० चा निर्णय तपासणी झाल्यावर करा.

अशा लेन्सबद्दल विचारलं की लोक तक्ते दाखवतात, कुणी पंचवीस हजारांच्या लेन्सची तुलना दीड लाखाच्या लेन्सशी करतं. त्यातून तुमच्या हाती काही लागत नाही. तुमच्या बॅगेत आज जे आहे त्यापेक्षा ही लेन्स तुम्हाला जास्त फोटो देईल का, एवढंच बघायचं आहे. आणि ती तपासणी पैसे द्यायच्या आधी, त्याच लेन्सवर करायची. त्या मॉडेलच्या दुसऱ्या लेन्सचे इंटरनेटवरचे फोटो इथे उपयोगाचे नाहीत.

एक गैरसमज आधी काढून टाकू. 'एकच लेन्स म्हणजे ओझं कमी' असं सगळे धरून चालतात. तुमच्या बाबतीत ते खरं नाही. १८-५५ व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय) २०५ ग्रॅमची, ७०-३०० व्हीआर ४१५ ग्रॅमची. दोन्ही मिळून ६२०. निकॉन माउंटची, म्हणजे निकॉनच्या बॉडीला बसणारी, १८-४०० एकटी ७०५ ग्रॅम. म्हणजे ओझं वाढतंय. शिवाय आज गळ्यात बॉडी आणि १८-५५ धरून पावणेसातशे ग्रॅम लटकतात, बाकीचं पाठीवर असतं. उद्या ११७० ग्रॅम पूर्ण वेळ मानेवर असतील. कॅमेऱ्यासोबत आलेला अरुंद पट्टा गडाच्या दुसऱ्या तासाला मान कापायला लागतो, तेव्हा लेन्स घेतलीत तर रुंद पट्टाही घ्या. फिल्टरही नवे लागतील, कारण हिचा फिल्टर ७२ मिमीचा, तुमच्या लेन्सचे ५५ आणि ५८.

मग फायदा कशात? लेन्स बदलावी लागत नाही, यात. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या कडेला उभे आहात, ढग खालून वर येतायत, भुरभुर पाऊस आहे. कड्याचा पूर्ण वळसा १८ वर बसतो. तेवढ्यात समोरच्या खडकावर शीळकरी कस्तुर येऊन बसतो. दोन लेन्स असतील तर तुम्ही बॅग उघडणार, ओल्या हातांनी १८-५५ काढणार, बॉडीचं तोंड उघडं असताना वाऱ्याकडे पाठ करून ७०-३०० लावणार, आणि तोवर कस्तुर गेलेला. प्रत्यक्षात काय होतं ते मी गेली कित्येक वर्षं ट्रेकवर बघतोय: माणूस लेन्स बदलतच नाही. दिवसभर १८-५५ लावलेली राहते आणि ७०-३०० पाठीवर फिरून घरी येते. जी लेन्स बॅगेतून बाहेर निघत नाही तिचा शार्पनेस कितीही असो, त्याचा फोटो होत नाही. ऑल-इन-वन लेन्सच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा माझ्या लेखी हाच आहे, आणि तो खरा मुद्दा आहे.

या जातीच्या लेन्स आल्या कुठून तेही पाहा, म्हणजे त्यांच्या मर्यादा कळतील. टॅमरॉननेच १९९२ मध्ये फिल्म कॅमेऱ्यांसाठी २८-२०० काढली, खिशात मावेल अशी. तिची एक अडचण मोठी होती, दोन मीटरहून जवळचं काही तिला फोकसच करता येत नसे. २००५ मध्ये निकॉनची १८-२०० व्हीआर आली आणि डिजिटल कॅमेरेवाल्यांना तिचं वेड लागलं. मग १८-२७०, १६-३००, १८-३०० असं करत २०१७ मध्ये टॅमरॉनने १८-४०० काढली. २२ पट झूम, आत ११ गटांत १६ भिंगं. झूम फिरवताना हे गट एकमेकांपासून वेगवेगळ्या अंतरांनी सरकतात आणि १८ पासून ४०० पर्यंत प्रत्येक जागी त्यांना प्रकाश सेन्सरवर नीट आणून सोडायचा असतो. तीन पट झूमच्या १८-५५ ला हे सोपं जातं. २२ पटीत कुठेतरी सूट द्यावीच लागते. ती सूट कुठे दिलीय हे शोधणं म्हणजेच लेन्स तपासणं.

पहिली सूट उजेडात दिलेली असते. ४०० वर हिचं सगळ्यात मोठं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, एफ/६.३ आहे (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). म्हणजे ४०० भागिले ६.३, जवळजवळ ६३ मिमी व्यासाचं तोंड. तिथेच एफ/४ हवं असतं तर १०० मिमीचं भिंग लागलं असतं आणि लेन्स खांद्यावर वाहावी लागली असती. तेव्हा एफ/६.३ ला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण एक लक्षात घ्या, तुमची ७०-३०० सुद्धा ३०० वर एफ/६.३ च आहे. लांबच्या टोकाला तुम्ही उजेडाचं काही गमावत नाही. गमावलंत तर मधल्या टप्प्यात. हे तुमचं तुम्ही पाच मिनिटांत काढू शकता: कॅमेरा ए मोडवर (यात अपर्चर आपण ठरवतो), अपर्चर जितकं उघडेल तितकं उघडं, आणि झूम रिंग हळूहळू फिरवत स्क्रीनवरचा आकडा कुठे बदलतो ते वहीत लिहा. तुमच्या दोन्ही लेन्सचंही तसंच लिहा. तीन ओळी शेजारी आल्या की मधल्या फोकल लेंग्थला किती फरक पडतो ते समोर दिसेल. दुकानदार हा तक्ता देत नाहीत आणि डब्यावर फक्त दोन टोकं छापलेली असतात.

त्याच बैठकीत दुसरं एक काम करा. मागच्या दोन वर्षांतले तुमचे आवडलेले दोनशे फोटो काढा, आणि प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढलाय ते बघा. फोटोच्या फाइलमध्येच ते नोंदलेलं असतं, लाइटरूम किंवा फुकटच्या डिजिकॅममध्ये गाळून बघता येतं. दीडशे फोटो १८ ते ३५ च्या दरम्यान निघाले तर ४०० साठी पैसे घालण्याआधी थांबा. ३०० वर ढीग लागला असेल, आणि त्यातले पुष्कळसे तुम्ही नंतर कापून मोठे केले असतील, तर तुम्हाला खरंच लांब लेन्स हवी आहे.

आता हातातल्या लेन्सकडे येऊ. इथे माझा एक अनुभव सांगतो, कारण सगळ्यात महत्त्वाची तपासणी मी त्यातून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक १८-२०० सेकंडहँड घेतली. दुकानातच लावून चार फोटो काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मधला भाग मोठा करून बघितला, चकचकीत शार्प होता. घेतली. पंधरा दिवसांनी एका लग्नात वाड्याच्या पायऱ्यांवर दोन्हीकडच्या मंडळींचा ग्रुप फोटो काढला, बत्तीस माणसं. बारा बाय अठराची प्रिंट आली तेव्हा डावीकडच्या काकांच्या चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट, आणि उजवीकडून पहिले चार चेहरे ओल्या बोटाने पुसल्यासारखे. त्या चौघांत खुर्चीत बसलेली नवऱ्यामुलाची आजी होती. तो फोटो पुन्हा काढता येण्यासारखा नव्हता. घरी येऊन तपासलं तर १८ ते ३५ मध्ये लेन्सची उजवी बाजू सगळीकडेच मऊ होती. आतलं एखादं भिंग किंचित तिरकं बसलेलं होतं, किंवा कधीतरी पडून तिरकं झालेलं. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला, मधे तर शार्प आहे.

ऑल-इन-वन लेन्समध्ये हा दोष पुन्हा पुन्हा सापडतो आणि त्याला कारण आहे. सरकणारे गट जास्त, एकात एक शिरणाऱ्या नळ्या जास्त, तेवढ्या तिरकं होण्याच्या जागा जास्त. म्हणून सांगतो, मधला भाग शेवटी बघा, आधी चार कोपरे बघा.

ते असं बघायचं. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत, गच्चीवर किंवा खिडकीत ट्रायपॉड लावा. दीडशे-दोनशे मीटरवरच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी शोधा, जिच्यावर अक्षरं आहेत. ट्रायपॉडवर टॅमरॉनचं व्हीसीचं (निकॉनच्या व्हीआरसारखंच कंप सावरणारं) बटण बंद करा, दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, टाकीच्या अक्षरांवर फोकस करा, मग फोकस एमएफवर (हाताने करायच्या फोकसवर) टाका म्हणजे तो हलणार नाही. आता एक फोटो अक्षरं मध्यभागी घेऊन, आणि चार फोटो तीच अक्षरं एकेका कोपऱ्यात घेऊन. अपर्चर पूर्ण उघडं. हे १००, २००, ३०० आणि ४०० वर करा. १८ आणि ३५ साठी अक्षरं फार बारीक होतात, तिथे जवळची खिडक्यांच्या जाळ्यांची इमारत घ्या.

कोपरे मधल्यापेक्षा मऊ असणारच, त्याची काळजी करू नका. चारही कोपरे एकमेकांसारखे आहेत का, एवढं बघा. तीन कोपऱ्यांत अक्षरं वाचता येतायत आणि चौथ्यात नाही, तर लेन्स परत करा, किंमत कितीही उतरवून देत असले तरी. कोपऱ्यांची सारखी मऊ अवस्था एफ/८ ला बरीच सुधारते. तिरक्या भिंगाचा कोपरा तितका सुधारत नाही.

दुसरी चाचणी घरात होते आणि मला ती फार आवडते. दिवाळीची बारीक दिव्यांची माळ असते ना, ती भिंतीवर आडवी ताणून लावा, साधारण चार मीटर लांब. खोलीत अंधार करा. तीन मीटरवरून १८ मिमीवर ती माळ फोटोत या टोकापासून त्या टोकापर्यंत बसते. आता फोकस हाताने पूर्ण बिघडवा. प्रत्येक दिव्याची एक चकती होते. मधली चकती गोल दिसेल, कडेला जाता जाता चकत्या लिंबाच्या फोडीसारख्या चपट्या होतील. हे बरोबर आहे, सगळ्या लेन्समध्ये होतं. पण डावीकडची तिसरी चकती आणि उजवीकडची तिसरी चकती आरशातल्यासारख्या सारख्या हव्यात. एका बाजूला लिंबू आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण गोल असेल, किंवा चकतीची एक कड जाड उजळ आणि समोरची फिकट असेल, तर आत काहीतरी सरकलंय. चकतीत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वर्तुळं दिसली तर घाबरू नका, साच्यातून काढलेल्या भिंगांची ती खूण असते.

हे दोन्ही पार झालं तर तुमच्या निर्णयाची खरी चाचणी करा. त्याच टाकीचा फोटो तुमच्या ७०-३०० ने ३०० वर काढा, आणि १८-४०० ने ४०० वर. दोन्ही एफ/८ ला, दोन्ही ट्रायपॉडवर. मग ३०० चा फोटो कापून ४०० एवढा करा. तुमच्या कॅमेऱ्याच्या २४ मेगापिक्सेलमधून साडेतेरा उरतात, म्हणजे अजूनही भरपूर. दोन्ही फोटो स्क्रीनवर एकाच मापाचे करून शेजारी ठेवा. ही एएफ-पी ७०-३०० तिच्या किमतीच्या मानाने फार चांगली लेन्स आहे, आणि मी अशा जोड्या लावून बघितल्या तेव्हा पुष्कळदा कापलेला ३०० आणि सबंध ४०० यांत फरक शोधावा लागला. तुमच्या त्या लेन्सचा ४०० जर स्पष्टपणे जास्त तपशील देत असेल, अक्षरांच्या कडा, टाकीच्या झाकणाचे खिळे, तर ७०-३०० विकायला हरकत नाही. फरक शोधावा लागत असेल, तर तुम्ही ४०० साठी पैसे देत नाही आहात, फक्त लेन्स न बदलण्यासाठी देत आहात. तेही कारण पुरेसं असू शकतं, पण मग भाव त्या हिशोबाने करा आणि भिगवणसाठी ७०-३०० ठेवा.

फोटो बघताना एक सांभाळा. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून बघितलं की तुम्ही साधारण पाच फूट रुंद फोटो हातभर अंतरावरून बघत असता. त्या मापाने कुठलीही लेन्स नापास होईल. दोष शोधायला शंभर टक्के बघा, पण लेन्स आवडली की नाही ते बारा बाय अठराच्या मापावर ठरवा. तेवढी प्रिंट काढून घेतलीत तर उत्तमच.

फोकसची गोष्ट वेगळी आणि डीएसएलआरवर फार महत्त्वाची. लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेरा सेन्सरवर बघूनच फोकस करतो, त्यामुळे चूक कमी. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना मात्र वेगळी यंत्रणा काम करते, आणि ती व लेन्स यांचं जमलं नाही तर फोकस नेहमीच थोडा पुढे किंवा मागे पडतो. म्हणून एकाच वस्तूचे पाच फोटो लाइव्ह व्ह्यूने आणि पाच व्ह्यूफाइंडरने काढा, प्रत्येक वेळी फोकस आधी हलवून, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून. लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही मऊ असं झालं, तर लेन्स वाईट नाही, फोकसचा मेळ चुकलाय. डी५६०० मध्ये हा मेळ बसवायची सोय मेनूत नाही. या लेन्सला टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल चालतो, तो संगणकाला जोडून लेन्समध्येच दुरुस्ती करता येते. विकणाऱ्याकडे तो असेल तर मागून घ्या. मधल्या एका फोकस बिंदूवर भर ठेवा, कारण इतक्या कमी उजेडाच्या लेन्सवर कडेचे बिंदू चाचपडतात. संध्याकाळी खोलीतला एक साधा दिवा लावून ४०० वर पडद्याच्या घडीवर फोकस करून बघा. लेन्स किती वेळा पुढे-मागे जाऊन शेवटी थांबते, ते ऐकूनसुद्धा कळतं.

या लेन्सच्या निकॉन माउंटमध्ये अपर्चर विजेवर चालतं, जुन्या पद्धतीची कडी नाही. तुमच्या डी५६०० ला ते चालतं. पण घरात भावाची डी९० वगैरे असेल आणि तीही वापरू म्हणाल तर तिच्यावर अपर्चर बदलणार नाही.

आता यांत्रिक बाजू. लेन्स बंद अवस्थेत तोंड खाली करून धरा आणि हलकेच झटका द्या. आपोआप लांब व्हायला लागली तर झूम सैल झालंय. टॅमरॉनने झूम लॉक दिलाय, पण तो फक्त १८ वर लागतो. चालताना त्याचा उपयोग होतो, उतारावर मधल्या फोकल लेंग्थला ट्रायपॉडवरून फोटो काढताना नाही. मग ४०० पर्यंत पूर्ण लांब करा आणि पुढच्या नळीला बोटांनी अगदी हलकं वर-खाली हलवा. थोडी हालचाल प्रत्येकीत असते. कटकट आवाज येत असेल तर नको. झूम रिंग १८ ते ४०० फिरवताना मधेच कुठे कचकच लागली तर आत वाळू गेलीय, कोकणात फिरून आलेल्या लेन्समध्ये हे हमखास मिळतं. बुरशी बघायला दोन्ही झाकणं काढा, अंधारात मागच्या बाजूने मोबाइलचा दिवा तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण दिसतील, त्याने फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणाच्या हवेत कपाटात कापडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सना ती धरते. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी घरात आणू नका. घेतलेली चांगली लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून परत घाला. पावसात हिला थेंब बाहेर ठेवणारी बांधणी दिलेली आहे, पण लेन्स लांब होताना हवा आत ओढते हे विसरू नका. ओली असताना झूम फिरवण्याआधी नळी फडक्याने पुसा.

तुम्ही विचारलं नाही, पण एक गोष्ट हिची मला मनापासून आवडते: जवळचं फोकस. १८ पासून ४०० पर्यंत ४५ सेंटिमीटरवर फोकस होतो आणि ४०० वर जवळजवळ सात सेंटिमीटर रुंदीची जागा फोटोभर येते. सप्टेंबरात कासला वाटेवर बसून सोनकीचं फूल किंवा तेरड्याची पाकळी याने छान येते, वेगळी मॅक्रो लेन्स नेली नाही तरी चालतं. ४५ सेंटिमीटर सेन्सरपासून मोजलेले असतात, त्यात लेन्सच्या लांब झालेल्या सोंडेचेच बरेचसे जातात. फूल लेन्सच्या तोंडापासून जेमतेम वीतभरावर राहतं, म्हणून हूड काढा, नाहीतर त्याची सावली फुलावर पडेल. आणि इतक्या जवळ लेन्स खऱ्या अर्थाने ४०० राहत नाही. साध्या भिंगाचं गणित लावलं तर ती तिथे ९० मिमीच्याही आत आलेली असते. सगळ्याच ऑल-इन-वन लेन्स जवळच्या फोकसला अशा आखडतात. म्हणून अंगणातल्या चिमणीचा फोटो तीन मीटरवरून काढून '४०० वाटत नाही' असं म्हणू नका. लांबचं लांबूनच तपासा.

वाकड्या रेषांबद्दल थोडक्यात. १८ वर इमारतीच्या कडा बाहेर फुगतात, पुढे आत दबतात. निकॉनच्या लेन्सला कॅमेरा हा वाकडेपणा आपोआप सुधारू शकतो, टॅमरॉनला नाही. संगणकावर लेन्सचा प्रोफाइल लावला की एका क्लिकमध्ये जातं. तुम्ही जेपेग काढून सरळ व्हॉट्सअपवर टाकत असाल तर ते तुम्हाला दिसत राहील, डोंगराच्या फोटोत मात्र लक्षातही येणार नाही.

भिगवणबद्दल. ४०० हातात धरून स्थिर ठेवायला जुन्या हिशोबाने तुमच्या कॅमेऱ्यावर १/६०० सेकंदाचा शटर लागतो. टॅमरॉनचा व्हीसी अडीच स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडा ठेवता येणं), म्हणजे बसलेल्या राखी बगळ्यासाठी १/१०० सुद्धा जमेल. पण व्हीसी तुमचा हात सावरतो, पक्ष्याचे पंख नाही. उडणाऱ्या रोहितांसाठी १/१००० च्या वरच राहा, एफ/७.१ किंवा ८, आणि आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) ऑटोवर सोडा. एफ/११ च्या पुढे जाऊ नका, तिथून तपशील परत मऊ व्हायला लागतो. उजनीच्या पाण्यावर सकाळी उजाडल्यापासून पहिले दोन तास सोन्यासारखे असतात. नंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि शंभर मीटरवरचा थवा कुठल्याही लेन्सने विरघळल्यासारखा येतो. लोक अकरा वाजताच्या फोटोंवरून लेन्सला दोष देतात. नावाड्याला सांगा की हळू, वल्ह्याने, कडेकडेने न्या. थव्यात घुसवायला लावू नका. पक्षी उठले की त्यांचं चरणं मोडतं, आणि फोटोतही सगळ्यांच्या पाठी येतात. चित्रबलाक आणि बगळे माणसांच्या होड्यांना सरावलेले असतात, त्यांच्यावर ही लेन्स मनासारखं काम देते.

राहिलं गॅदरिंग. सभागृहात स्टेजवर एवढाच उजेड असतो की एफ/१.८, १/२५० आणि आयएसओ १६०० ला बरा फोटो येतो असं धरा. एफ/६.३ ला बारा पट कमी उजेड मिळतो. त्याच शटरला आयएसओ १९ हजारांच्या पुढे जाईल, नाहीतर शटर १/२० वर येईल आणि नाचणारी मुलगी म्हणजे रंगीत फराटा होईल. व्हीसीने यात काही होत नाही. १८-४०० चा भाव ठरवताना त्यातूनच निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स सेकंडहँड बसेल एवढी जागा ठेवा. ती फक्त २०० ग्रॅमची आहे, तिच्यात मोटर आहे, तुमच्या बॉडीवर फोकस चालतो. सहा मीटरवरून तिच्यात स्टेजची चार मीटर रुंदी बसते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत मधली वाट धरून बसायला मिळेल असं आधीच वर्गशिक्षिकेला विचारून ठेवा. फ्लॅश बंद. शटर १/२५० वर बांधा, आयएसओ ३२०० पर्यंत ऑटो, फोकस मुलीच्या चेहऱ्यावर एका बिंदूने. आणि नाच सुरू व्हायच्या आधी पडदा उघडतो तेव्हाच एक फोटो काढून उजेड बघून घ्या.